लोझियेचा बाप

डेलबर्ट फ्रीसन बर्फाकडे बघतच नसे. हे कुणी त्याच्या तोंडावर सांगितलं असतं तर त्यानं हातातला कॉफीचा कप फेकून मारला असता, पण खरं ते खरं. आइस हॉकीचा सामना सुरू झाला की पोरं हेरायला आलेले बाकीच्या क्लबांचे पारखी वरच्या काचेच्या खोलीत फुकटचे सँडविच चावत अधूनमधून खाली नजर टाकत. तेवढं तरी टाकत. डेलबर्ट मात्र समोरच्या बाकांवर पोरांचे आईबाप शोधत बसे. बापाचं मनगट, आईचे खांदे, बुटांचा आकार. मामा आला असेल तर मामाची मान.

"पोरात काय बघायचं?" तो म्हणे. "सतरा वर्षांचं पोर म्हणजे अर्धवट बांधकाम. इमारत किती मजल्यांची होणार ते पायावरून कळतं. आणि पाया तिकडे बसून पॉपकॉर्न खातोय."

त्याचा बाप गुरांच्या बाजारात दलाल होता. वासराकडे न बघता गाय आणि वळू बघून भाव ठरवायचा. पोरानं तीच विद्या माणसांवर चालवली, आणि हॉकीच्या बाबतीत या देशात कुणी काहीही गंभीर चेहऱ्यानं बोललं की लोक मान डोलावतात, म्हणून कुणी हसलं नाही. त्यात एकदा नशीब फळलं. ओल्साक नावाच्या एका काटकुळ्या पोराच्या आईचे हात बघून डेलबर्टनं सांगितलं, हा सव्वासहा फूट होणार. झाला. पुढं मोठ्या संघाचा कर्णधारही झाला. तेव्हापासून 'डेलबर्टचा डोळा' हा शब्दच रूढ होऊन गेला. जी पोरं वाढली नाहीत त्यांचं नाव कुणी काढत नसे. ती आता टायर विकतात, शाळेच्या बस चालवतात, आणि त्यांच्या बापांची मनगटं अजून तेवढीच जाड आहेत.

पण डोळ्याचे दिवस भरत आले होते. पोर्ट हॅरो क्लबात प्रेस्टन लॉकरिज नावाचा नवा साहेब आला होता. चाळिशीचा, सडसडीत, बारा महिने एकच राखाडी जाकीट. डेलबर्टच्या विभागात, सस्कॅचवानच्या गावांत, हा माणूस कधी फिरकला नव्हता, सगळं पडद्यावरूनच बोलायचा.

"डेल, तुझ्या विभागातनं तीन वर्षांत आपण एकही पोर उचललेलं नाही," त्यानं शरद ऋतूतच सांगून टाकलं. "यंदाच्या ड्राफ्टमध्ये तू सुचवलेला पोरगा पहिल्या फेरीत गेला नाही, तर आपण तुझ्या कराराचा विचार करू."

ड्राफ्ट म्हणजे वर्षातनं एकदा भरणारा पोरांचा बाजार, क्लब नंबरानं एकेक पोर उचलतात. आणि विचार करू म्हणजे काय, ते साठीला आलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. डेलबर्टला दुसरं काही येत नव्हतं. त्याला हेही येत नव्हतं, पण ते त्याला माहीत नव्हतं.

नोव्हेंबरात तो ड्राय विलोच्या रिंकवर पोचला. गावाच्या संघात रेमी लोझिये नावाचा एक पोरगा खेळत होता. न्यू ब्रन्सविकच्या किनाऱ्यावरनं आलेला, फ्रेंच बोलणारा, पाच फूट नऊ इंच. त्याच्या नावावर गोलांचा ढीग होता, पण पाच फूट नऊ म्हटल्यावर डेलबर्टनं त्याला मनातल्या मनात खोडून टाकलं. आणि तेवढ्यात त्याला समोरच्या बाकांवर तो माणूस दिसला.

माणूस कसला, धान्याचं कोठार. साडेसहा फूट. बसला होता तरी मागच्या रांगेतली बाई त्याच्या कडेनं वाकून सामना बघत होती. आणि त्याच्या अंगातल्या जर्सीवर, त्या भल्यामोठ्या पाठीवर, ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं: लोझिये.

डेलबर्टच्या अंगावर काटा आला. पहिल्या मध्यंतरात माणूस उठला, तसा हाही उठला. खाण्याच्या रांगेत त्याच्या मागं उभा राहिला. माणसानं बटाट्याच्या सारणाच्या पिरोगींची थाळी घेतली. धरलेल्या हातात थाळी बशीएवढी दिसत होती. दुसऱ्या मध्यंतरात डेलबर्ट त्याच्या मागोमाग मुतारीतही गेला, मुद्दाम शेजारी उभा राहिला आणि डोळ्याच्या कोपऱ्यातनं अंदाज घेतला. त्याचा खांदा याच्या कानाच्या वर. खाली बूट, होडीसारखे.

"काय बघताय?" माणसानं विचारलं.

"काही नाही. बूट छान आहेत."

"इथं उभं राहून बूट बघणारा पहिलाच भेटला," माणूस म्हणाला आणि हात धुवून निघून गेला.

एक प्रश्न विचारला असता तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण पारखी कधी विचारत नाही. विचारलं की आवड कळते, आवड कळली की दुसरे क्लब टपतात. त्यामुळे या धंद्यात एखाद्याला तहान लागली तरी तो पाणी कुठं आहे हे न विचारता तासभर इमारतीत हिंडत राहतो. डेलबर्टनं गाडीत बसून अहवाल पाठवला: बाप साडेसहा फूट, हाडपेर दांडगं, पोरगा उशिरा वाढणारा, सहा फूट दोन इंच धरून चाला.

अडचण एवढीच, की तो माणूस, ओरेस्ट ह्रिन्किव, त्या पोराचा बाप नव्हता.

इकडे चांगलं खेळणारं पोर सोळाव्या वर्षी घर सोडतं. लांबच्या कुठल्यातरी गावच्या संघात जातं आणि त्या गावातलं एखादं कुटुंब त्याला आपल्या घरी ठेवून घेतं. खाऊपिऊ घालतं, शाळेत सोडतं, पडसं झालं तर छातीला मलम चोळतं. आणि सामन्याला जाताना असे यजमान कौतुकानं त्या पोराच्या नावाची जर्सी घालतात. हे डेलबर्टला ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. तो स्वतः पोरगा असताना दोन वर्षं एका परक्या घरात राहिला होता, आणि त्या घरचा म्हातारा पाठीवर 'फ्रीसन' मिरवत बाकावर बसायचा. पण साडेसहा फुटी माणूस समोर आला की आठवण कसली आणि अक्कल कसली!

पुढचं काम त्याच्या जिभेनं केलं. डिसेंबरात काचेच्या खोलीत लायल स्टेन्सरुड त्याला खिजवायला लागला. लायल दुसऱ्या क्लबचा पारखी, वीस वर्षांचा दोस्त आणि वीस वर्षांचा वैरी.

"काय डेल्या, त्या फ्रेंच बुटक्यासाठी तिसऱ्यांदा आलास म्हणे? म्हातारपणी नजर गेली की काय?"

"बुटका?" डेलबर्ट म्हणाला. गप्प बसायला हवं होतं, पण 'नजर' हा शब्द त्याला झोंबला. "तुला बाप दिसला नाही वाटतं."

"कुठला बाप?"

डेलबर्टनं नुसती हनुवटी हलवली. लायलनं काचेतनं खाली पाहिलं. तोंडातलं सँडविच चावायचं थांबलं.

"आयला," तो म्हणाला.

झालं. नाताळपर्यंत तीन क्लबांना कळलं, फेब्रुवारीपर्यंत सगळ्यांना. प्रत्येकजण दुसऱ्याच्या कानाला लागून सांगायचा, हे आमचं स्वतःचं निरीक्षण हं, कुणाला बोलू नकोस. ड्राफ्टच्या आधी कुठलं पोर कितव्या नंबरावर, याच्या याद्या छापणाऱ्या एका साप्ताहिकानं लोझियेला पासष्टाव्या नंबरावरनं एकोणिसाव्यावर आणून ठेवलं. जानेवारीत सगळ्या पोरांची मापं घेतली, तेव्हा रेमी पुन्हा पाच फूट नऊच भरला. त्यावरही उत्तर तयार होतं: बापसुद्धा उशिराच वाढला म्हणे. कुणी म्हटलं? कुणीच नाही. पण 'म्हणे' हा या धंद्यातला सगळ्यात भरवशाचा साक्षीदार.

एप्रिलात लॉकरिजनं डेलबर्टला घरभेटीला पाठवलं. ड्राफ्टच्या आधी क्लबाचा माणूस पोराच्या घरी जाऊन बसतो, वातावरण हुंगतो. ओरेस्टची बायको लॅव्होन अंगानं बेताची, जिभेनं सढळ. तिनं दार उघडलं, बूट काढायला लावले आणि आधी ताट समोर ठेवलं.

"खा. तुम्ही लोक येता, भिंतीवरचे फोटो बघता, फ्रीज उघडून बघता, आणि न जेवता जाता. मागच्या आठवड्यात एकानं मला विचारलं, पोरगा रडतो का? म्हटलं कांदा चिरायला लावला तर रडतो. त्यानं ते लिहून घेतलं."

ओरेस्ट समोरच्या खुर्चीत बसला. खुर्ची कण्हली. रेमी बाहेर अंगणात गॅरेजच्या दारावर हॉकीच्या रबरी चकत्या मारत होता. धडाधड आवाज येत होता.

डेलबर्टनं घसा साफ केला. "पोराला तुमचेच खांदे मिळणार, हे मी नोव्हेंबरातच ओळखलं होतं."

"माझे खांदे?" ओरेस्टनं आधी स्वतःच्या खांद्यांकडं पाहिलं, मग बायकोकडं. "माझे खांदे त्याला कसे मिळतील? मला सोयाबीनची पोती उचलायला लागतात ना."

"म्हणजे, आनुवंशिकतेनं."

मग लॅव्होननं हातातला चमचा खाली ठेवला.

"ओरेस्ट," ती म्हणाली, "तू न्यू ब्रन्सविकला कधी गेला होतास रे?"

"मी कुठं गेलोय! मी तर विनिपेगच्या पुढंसुद्धा गेलो नाही."

"मग हे साहेब काय म्हणतायत? मला कळू दे तरी!"

आणि ती जी हसत सुटली ती टेबलाला धरून खाली बसली. ओरेस्टला उशिरा कळलं, पण कळल्यावर तो असा हसला की कपाटातल्या कपबश्या वाजायला लागल्या. "अहो, आम्ही यजमान! पोरगा आमच्याकडं राहतो! तो लोझिये, मी ह्रिन्किव. बाहेर टपालाच्या पेटीवर लिहिलंय की भल्यामोठ्या अक्षरात." मग एकदम थांबून त्यानं डेलबर्टकडं निरखून पाहिलं. "थांबा, थांबा. मुतारीतले तुम्हीच का ते? बुटांचे?"

डेलबर्टच्या घशात पिरोगी अडकली होती. लॅव्होननं पाणी दिलं आणि फ्रीजवरचा एक फोटो काढून त्याच्या हातात ठेवला. खेकडे धरायच्या होडीवर एक माणूस उभा होता, रबरी कपड्यांत, शेजारी जाळीचे पिंजरे.

"हा ओव्हिला, रेमीचा बाप."

"बसलाय का हा?" डेलबर्टनं आशेनं विचारलं.

"उभा आहे."

पिंजरे त्याच्या डोक्याच्या वर होते. डेलबर्टनं फोटो जवळ नेला, लांब धरला, तिरका केला. माणूस वाढेना.

तो बाहेर अंगणात आला. उन्हात बर्फाचे शेवटचे घाणेरडे ढिगारे वितळत होते. रेमीनं काठी टेकवली आणि अदबीनं हात पुढं केला.

"साहेब, एक विचारू? सगळे येऊन विचारतात की रोज किती झोपतोस. एकानं विचारलं, तू प्राणी असतास तर कुठला असतास. मी म्हटलं बीव्हर, नदीत धरणं बांधतो ना तो, तर त्याचा चेहरा पडला. लांडगा म्हणायचं असतं म्हणे. तुम्ही तर नोव्हेंबरपासून येताय. तुम्हाला माझा खेळ कसा वाटतो? काय सुधारू?"

डेलबर्टनं तोंड उघडलं. अहवालात लिहायची वाक्यं जिभेवर तयार होती, कुठल्याही पोराला कुठल्याही दिवशी चालतील अशी. पण पोरगा खरोखर उत्तराची वाट बघत उभा होता. आणि या पोराचा एकही सामना आपण पाहिलेला नाही, सगळे सामने ओरेस्ट ह्रिन्किवची पाठ बघण्यात गेले, हे डेलबर्टला अंगणात उभ्या उभ्या कळलं.

"आज संध्याकाळी बघून सांगतो," तो म्हणाला. पोराला ते विचित्र वाटलं असणार.

बाद फेरीचा सामना होता. डेलबर्ट काचेच्या खोलीत गेला नाही, खाली कठड्याला नाक लावून उभा राहिला. पहिली दहा मिनिटं त्याला काही दिसलंच नाही. नजरेला सवयच नव्हती, ती सारखी बाकांकडं पळायची. मग हळूहळू एक गोष्ट दिसायला लागली. चकती अंगावर यायच्या आधी रेमी एकदा डाव्या, एकदा उजव्या खांद्यावरनं मागं बघून घ्यायचा. बाकीची पोरं चकतीकडं बघत होती, हा एकटा बाकी सगळ्यांकडं बघत होता. त्यामुळे चकती काठीवर आली की ती पुढं कुठं जाणार हे आधीच ठरलेलं. सहा-सहा फुटी आडदांड पोरं त्याला चिरडायला झेपावत आणि रिंकच्या कडेच्या रिकाम्या फळ्यांवर जाऊन आदळत. तो तिथं नसायचाच. आपल्या संघातल्या ज्या पोराला कुणी विचारत नव्हतं त्याच्या काठीवर त्यानं मागं न बघता चकती ठेवली, दोनदा, आणि दोन्ही वेळा गोल झाला.

पोरगा पाच फूट नऊच राहणार होता. आणि पोरगा सोन्याचा होता. या दोन गोष्टी एकाच माणसात असू शकतात हे तीस-चाळीस वर्षं या धंद्यात घालवून त्याला पहिल्यांदाच सुचत होतं.

आता गप्प बसणं सोपं होतं. पोरगा पहिल्या फेरीत जाणार, करार वाढणार, पोरगा वाढला नाही हे कळेपर्यंत डेलबर्ट निवृत्त होऊन तळ्यावर मासे पकडत असणार. पण ड्राफ्टला पोरांचे आईबाप येतात, व्यासपीठावर चढतात, ही भीती होती. आणि खरं सांगायचं तर भीतीहून मोठी एक खाज होती: आयुष्यात पहिल्यांदा आपण स्वतः काहीतरी पाहिलंय, ते कुणालातरी सांगावं. सांगितलं आणि साहेबानं पोराला यादीतनं खोडलं, तर नोकरी जाणार होती आणि पोराचंही नुकसान. तरी ती खाज त्याला दोन महिने सोडेना.

जूनमध्ये मॉन्ट्रियलच्या हॉटेलात, ड्राफ्टच्या सकाळी, क्लबाची बैठक बसली. लॉकरिज टेबलाच्या टोकाला, शेजारी ब्रिन मॅकॉली, पोरांचे आकडे कॉम्प्युटरवर मांडून अंदाज बांधणारी हुशार पोरगी. लोझियेचं नाव पडद्यावर आलं तसा डेलबर्ट उभा राहिला.

"हा वाढणार नाही," तो म्हणाला. "एक इंचही नाही. तो उंच माणूस त्याचा बाप नाही, घरमालक आहे. खरा बाप माझ्या खांद्याला लागेल. पण तरीही घ्या. मी त्याला खेळताना पाहिलंय."

"कधी?" लॉकरिजनं विचारलं.

"एप्रिलात."

"आणि त्याआधीचे अकरा अहवाल?"

"ते बापाचे होते."

कुणीतरी खोकलं. ब्रिननं लॅपटॉपवर बोटं फिरवली. "डेलबर्ट, बापाची उंची आमच्याकडं बावीस वेगवेगळ्या ठिकाणांहून आलीय. सगळीकडं साडेसहा फूट. एवढं एकमत आम्हाला कुठल्याच बापाबद्दल मिळालेलं नाही."

"त्या बावीस जणांना मीच सांगितलं!"

"तुम्ही बावीस जणांना सांगितलं?"

"बावीस कशाला? एकाला. लायलला. बाकीचे एकमेकांकडनं शिकले."

लॉकरिज सावकाश पुढं वाकला. "म्हणजे क्लबाची माहिती तू बाहेर दिलीस."

"अहो, पण ती माहितीच खोटी होती!"

"खोटी असती तर बावीस जणांनी धरून ठेवली असती का?" लॉकरिजनं सगळ्यांकडं बघून विचारलं, आणि सगळ्यांनी माना हलवल्या. "आणि बघा कसा दिवस निवडलाय. आज सकाळी. आपण पोराला सोडावं आणि आपल्या मागचा नंबर असलेल्यांनी उचलावं. मागचा नंबर कुणाचाय? लायलच्या क्लबाचा. डेल, तिकडं नोकरी कबूल झालीय का तुला?"

"मी घ्याच म्हणतोय! बुटका आहे, तरी घ्या!"

"पाच फूट नवाला पहिल्या फेरीत कुणी शहाणा माणूस घेईल का?"

"नाही."

"मग तो वाढणारच," लॉकरिज म्हणाला, आणि बैठक पुढं सरकली.

दुपारी, हॉल खचाखच भरलेला असताना, पोर्ट हॅरो क्लबानं सतराव्या नंबरावर रेमी लोझियेचं नाव पुकारलं. पोरगा नव्या सुटात उठला, आईच्या गळ्यात पडला. मागोमाग सगळी वरात खाली उतरली: आई ह्युगेट, लॅव्होन, ओरेस्ट, आणि त्याच्या सावलीत, खेकड्यांचा हंगाम अर्धा टाकून आलेला, भाड्याच्या कोटातला ओव्हिला लोझिये.

व्यासपीठावर लॉकरिजनं पोराच्या डोक्यावर टोपी घातली. त्याच्या स्वतःच्या छातीला माईक लावलेला होता, त्याचं त्याला भान राहिलं नाही. समोर एक ठेंगणा गृहस्थ हात पुढं करून उभा होता. लॉकरिजनं त्या हातात आपला फोन दिला. "जरा आमचा एक फोटो काढता का?" आणि त्याला वळसा घालून थेट ओरेस्टला मिठी मारली. मिठी ओरेस्टच्या पोटापर्यंतच पोचली.

"काय खांदे! काय खांदे!" लॉकरिजचा आवाज हॉलभर घुमला. "आमचा पोरगा इथपर्यंत येणार!"

"साहेब," ओरेस्ट म्हणाला. त्याचा आवाज मुळातच माईक नसताना चालणारा. "मी घरमालक. बाप तो. तुमचा फोन धरून उभाय तो."

मग वरच्या बाकांतनं कुणीतरी फिस्सकन हसलं आणि हॉलचं छप्पर उडालं. इतर क्लबांच्या टेबलांवर माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. लायल स्टेन्सरुड तर डोळे पुसत होता, जणू त्याच्या अहवालात वेगळं काही लिहिलेलं होतं. ओव्हिलानं मात्र शांतपणे फोन उचलला, एक डोळा मिटला आणि फोटो काढला.

लॉकरिज मोठा माणूस होता हे त्यानंतर कळलं. व्यासपीठावरनं उतरून कॅमेऱ्यांपर्यंत पोचायला त्याला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात त्याचं मत बदललं होतं. "आमच्या क्लबात फूटपट्टी नसते," तो छाती पुढं काढून सांगत होता. "उंची बघणारे बघोत. आम्ही वर्षभर या मुलाचा खेळ पाहिला. तो मान कसा वळवतो बघा, चकती यायच्या आधी. हे बघायला डोळा लागतो."

डेलबर्ट मागं उभा होता. मान वळवण्याचं हे वाक्य त्यानंच सकाळी बैठकीच्या कागदावर लिहून दिलेलं होतं.

मग लॉकरिज त्याला पडद्यामागं घेऊन गेला. तिथं छाती मागं गेली होती.

"तुझा करार आपण वाढवत नाही."

"मी सांगितलं होतं तुम्हाला. सगळ्यांसमोर."

"सांगितलं असशील. पटवून दिलं नाहीस. पटवून देणं हे पारख्याचं काम."

डेलबर्ट बाहेरच्या मार्गिकेत आला. गळ्यातलं क्लबाचं ओळखपत्र काढून कुठं टाकावं ते सुचेना, म्हणून हातातच ठेवलं. खाण्याच्या टपरीपाशी ओव्हिला आणि ह्युगेट एका कागदाच्या होडीतले बटाटे खात होते, वर चीज आणि रस्सा ओतलेले. ओव्हिलानं त्याला ओळखलं नाही, ओळखपत्राला ओळखलं.

"तुम्ही पोर्ट हॅरोचे? माझ्या पोराला निवडणारे तुम्हीच का?"

"मीच होतो. मघापर्यंत."

"मघापर्यंत म्हणजे?"

"काढलं मला."

"अरेरे," ओव्हिला म्हणाला आणि बटाटे पुढं केले. डेलबर्टनं एक घेतला. "पण मला एक सांगा. ते तुमचे साहेब कायबाय बोलले, त्यातलं मला काही पटलं नाही. तुम्ही काय पाहिलंत त्याच्यात?"

डेलबर्टनं सांगितलं. मान वळवणं सांगितलं, रिकाम्या फळ्यांवर आदळणारी पोरं सांगितली, ज्याला कुणी विचारत नाही त्याच्या काठीवर ठेवलेली चकती सांगितली. सांगता सांगता त्याचे हात हलायला लागले, मार्गिकेतले लोक थांबून बघायला लागले. ओव्हिला मान डोलावत ऐकत होता. आवडलं होतं त्याला.

"बरोबर," तो म्हणाला. "अगदी बरोबर पाहिलंत. हे तो सहा वर्षांचा असल्यापासून करतो. मी त्याचा एकेक सामना घरनं कॉम्प्युटरवर पाहिलाय, चित्र अडकत अडकत. कधी दिसलं तुम्हाला हे?"

"एप्रिलात."

"एप्रिलात?" ओव्हिलाचा काटा बटाट्यात थांबला. "पोरगा तर सांगत होता, पोर्ट हॅरोचा माणूस नोव्हेंबरापासून येतोय. मग तोवर काय बघत होता?"

जिभेवर पुन्हा ती तयार वाक्यं आली. डेलबर्टनं ती गिळली.

"प्रेक्षक," तो म्हणाला.

ओव्हिलानं त्याच्याकडं बघितलं, मग बायकोच्या कोपराला धरून तिला पुढं ओढलं. "ह्युगेट, इकडं बघ. हे गृहस्थ अख्खा हिवाळा रिंकमध्ये बसून प्रेक्षक बघत होते. आणि त्याचा पगार घेत होते! आता बिचाऱ्यांची नोकरी गेलीय."

ह्युगेटनं डेलबर्टला डोक्यापासून बुटांपर्यंत एकदा न्याहाळलं. तिला हसू आलं नाही.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता तरी सामना बघतील."